एकदाच लागणारी सेटिंग ठेवायची कुठे?

लखनौच्या वाचकांची चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रत्येकाची अडचण वेगळी आहे, तरी चौघांचा मुद्दा एकच आहे: क्वचित लागणारी सेटिंग पडद्यावर, मेनूत असावी की आत कुठेतरी, जाणकाराच्या हाती?

प्रश्न : सा. न. वि. वि. आम्ही बरीच वर्षे हजरतगंजात, अशोक मार्गालगत राहतो. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेचा मजकूर मी लिहितो आणि जवळच्या एका दुकानात फोटोशॉपवर ती सजवून घेतो. यंदा मजकूर मोबाईलवर मराठीत टाइप करून पाठवला. दुकानात जाऊन पाहतो तर अक्षरे फुटलेली! ‘विनंती’चे ‘वनिंती’ झाले होते, ‘सार्वजनिक’मधला रफार गळून ‘र’चा पाय मोडला होता, ‘श्री’चे दोन तुकडे पडले होते. ऑपरेटर म्हणाला, “हिंदी तो ठीक आता है अंकल, ये मराठी की दिक्कत है.” संध्याकाळी माझ्या मुलाने येऊन प्रेफरन्सेसमध्ये एक पर्याय बदलला, नवी फाइल उघडली आणि सगळे जागच्या जागी आले. एवढी महत्त्वाची सेटिंग इतकी आत का? मुलगा गोमतीनगरात सॉफ्टवेअरचे काम करतो. त्याचे म्हणणे असे की शंभरातला एखादाच जी सेटिंग वापरतो, तिला पडद्यावर जागा देऊ नये. मला ते पटत नाही.
— एक ज्येष्ठ वाचक, हजरतगंज

उत्तर : आधी ऑपरेटरच्या बोलण्याविषयी, कारण त्याचा गैरसमज फार ठिकाणी आढळतो. त्याचे हिंदी ‘ठीक’ येते, कारण तो ते कृतिदेवमध्ये टाइप करतो. कृतिदेव काय किंवा आपल्याकडच्या छापखान्यांतले श्रीलिपीचे जुने फॉन्ट काय, त्यांत संगणकाच्या दृष्टीने देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. ऑपरेटर टाइपरायटरसारखी आधी वेलांटी दाबतो, मग अक्षर. सॉफ्टवेअरला जुळणीचे काहीच काम पडत नाही. तुम्ही पाठवलेला मजकूर युनिकोडमधला होता. युनिकोडमध्ये ‘वि’ म्हणजे आधी व आणि मग वेलांटी, आणि ती वेलांटी ‘व’च्या डावीकडे नेऊन ठेवणे हे सॉफ्टवेअरचे काम. ते काम करणारे इंजिन बंद असले की वेलांटी ‘व’ सोडून पुढच्या ‘न’ला चिकटलेली दिसते. तुमची ‘विनंती’ अशीच ‘वनिंती’ झाली. त्याच दुकानात युनिकोडमधला हिंदी मजकूर नेला असता तर त्याचीही हीच गत झाली असती. दोष मराठीचा नव्हता.

चिरंजीवांनी बदललेली सेटिंग एडिट, प्रेफरन्सेस, टाइप या वाटेने सापडते. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत तिचे नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ आहे, नंतरच्या काहींत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’. ती नव्या फाइलीला लागू होते, आधी उघडलेली फाइल तशीच राहते. इलस्ट्रेटरमध्येही टाइप याच भागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ अशी चौकट आहे. इनडिझाइनची कथा तर याहून बोलकी आहे. २०१२च्या सीएस-६ आवृत्तीत मराठीसह दहा भारतीय भाषांची सोय आली, पण ती सुरू कशी करायची? स्क्रिप्ट्सचे पॅनेल उघडायचे आणि त्यातल्या ‘इंडिकप्रेफरन्सेस’ या फाइलीवर दोनदा क्लिक करायचे. मराठी पुस्तक जुळवायला बसलेल्या माणसाला स्क्रिप्टचे पॅनेल उघडावे असे सुचणार तरी कसे?

आता मुलाच्या मुद्द्याकडे येतो. शंभरातला एखादा, हे खरे असेलही. पण ते शंभर कोण? जगभरचे सगळे ग्राहक एकत्र मोजले तर देवनागरी लिहिणारे थोडे भरतील. लखनौ, पुणे, नागपूर, बेळगाव इथल्या डीटीपीच्या दुकानांत मोजले तर ही सेटिंग ज्याला लागत नाही असा माणूसच सापडायचा नाही. शिवाय ती एकदाच लावायची असते. महिन्यातून किती वेळा क्लिक झाले एवढेच मोजत बसले, तर संगणकाच्या आयुष्यात एकदा लावलेली सेटिंग शेवटच्या क्रमांकावर जाणार हे ठरलेलेच. त्या एका क्लिकवर पुढची सगळी वर्षे उभी असतात, ते या मोजणीत दिसत नाही.

म्हणून मी वापराची संख्या दुसऱ्या स्थानी ठेवतो. पहिला प्रश्न असा विचारावा: ही सेटिंग न सापडलेल्या माणसाचे काय होते? तुमच्या ऑपरेटरचे काय झाले ते पाहा. अशी काही सेटिंग असते हेच त्याला माहीत नव्हते, म्हणून त्याने ती शोधली नाही. त्याने भाषेलाच दोष दिला. असे लोक मग कृतिदेवकडे परत जातात. त्यांनी केलेला मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्या फॉन्टात नेला की निरर्थक रोमन अक्षरे होतात, दहा वर्षांनी उघडला आणि फॉन्ट नसला तर वाचताही येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१पासून आहे, आणि तरीही एवढी दुकाने जुन्या फॉन्टांवर अडून राहिली. याला इतर कारणेही आहेत, टायपिंगची सवय आणि परीक्षा ही त्यांतली मोठी. पण आत दडलेल्या या एका पर्यायाचा वाटाही त्यात आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

फोटोशॉपच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मजकुराची दोन इंजिने एक केली आहेत. कुठलीही लिपी आली की तिची जुळणी आपोआप होते. माझ्या मते अशा सेटिंगचा खरा शेवट हाच. मजकूर देवनागरी आहे हे सॉफ्टवेअरला अक्षरांवरूनच कळते, मग माणसाला विचारायचे कशाला? दुकानातली आवृत्ती जुनी असेल तर मात्र वरची वाट एका कागदावर लिहून त्या ऑपरेटरच्या टेबलाजवळ लावून द्या.

प्रश्न : बाबांनी तुम्हाला लिहिले आहे, तेव्हा माझीही बाजू ऐका. आमचा छोटा गट दुकानांसाठी बिलांचे सॉफ्टवेअर करतो. प्रत्येक ग्राहकाला एक नवी चौकट हवी असते. ती दिली की इतरांचा गोंधळ वाढतो, आणि कोणी काय बदलले हे शोधण्यात आमचा दिवस जातो. म्हणून आम्ही क्वचित लागणाऱ्या सगळ्या गोष्टी एका सेटिंग-फाइलीत ठेवल्या आहेत. हे चूक आहे का?
— गोमतीनगर, लखनौ

उत्तर : चूक नाही. तुमची अडचण खरी आहे, आणि सॉफ्टवेअर न लिहिणाऱ्या माणसाला ती सहज दिसत नाही. हो-नाही अशा दहा चौकटी असल्या की १,०२४ वेगवेगळी रूपे होतात. वीस झाल्या की १०,४८,५७६. ही सगळी तपासून पाहणे कोणाच्याच हातचे नाही, आणि एखादी चूक नेमकी न तपासलेल्या जोडीत निघते. मोठ्या मंडळींनीही म्हणूनच कात्री चालवली आहे. ऑगस्ट २०१३मध्ये आलेल्या फायरफॉक्स २३ने जावास्क्रिप्ट बंद करण्याची आणि चित्रे आपोआप न उतरवण्याची अशा चौकटी पडद्यावरून काढल्या. जावास्क्रिप्टची चौकट गेली ते योग्य झाले असे मला वाटते. कोणी चुकून ती टिचकी काढली की निम्म्या वेबसाइटी बंद पडल्यासारख्या दिसत, आणि का ते त्याला उमगत नसे. चित्रांची चौकट जाणे मात्र मला आजही खटकते. मोजूनमापून डेटा वापरणाऱ्याच्या ती खऱ्या उपयोगाची होती, आणि चित्रे दिसेनाशी झाली तर काय बंद केले आहे हे त्याला लगेच कळत होते.

केवळ वापराच्या मोजणीवर मेनू चालवण्याचा एक मोठा प्रयोगही होऊन गेला आहे. ऑफिस २०००मध्ये मेनू उघडला की तुम्ही नेहमी वापरता तेवढीच कलमे दिसत, बाकीची खालच्या बाणामागे लपत. सॉफ्टवेअर तुमचाच वापर मोजत होते, म्हणजे याहून नेमकी मोजणी कुठली असणार? तरी लोक वैतागले. क्वचित लागणारी वस्तू शोधताना माणूस ती मागे कुठे पाहिली होती त्या जागेच्या आठवणीवर चालतो, आणि इथे जागाच हलत होती. २००७च्या ऑफिसमध्ये मुख्य कार्यक्रमांत मेनूंची जागा रिबनने घेतली आणि ही पद्धत तिथून गेली.

तुमच्या फाइलीकडे येतो. पडदा माणसाला तीन गोष्टी देतो. अशी सेटिंग आहे हे कळते, तिच्यात काय काय चालते हे दिसते, आणि चुकले तर मागे फिरता येते. फाइलीत नेमक्या या तीन गोष्टी हरवतात. म्हणून सेटिंग फाइलीत ठेवली की पडद्यावर, यापेक्षा या तिन्हींची सोय झाली का, हे बघा. फायरफॉक्समधले ‘अबाउट-कॉन्फिग’ हे पान अगदी आतले, उघडताना धोक्याची सूचना देणारे. तरी तिथे शोधायला जागा आहे, बदललेली ओळ ठळक दिसते आणि ती मूळ पदावर नेण्याचे बटण शेजारीच आहे. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये खालच्या कोपऱ्यात ‘सिंपल’ आणि ‘ऑल’ असे दोन पर्याय आहेत. साध्या माणसाला थोडक्यात दिसते, हट्टी माणसाला सगळे. अँड्रॉइडने २०१२मध्ये, ४.२ या आवृत्तीपासून, डेव्हलपर ऑप्शन्स लपवले. ते उघडायला ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारावी लागते. चुकून कोणी आत जात नाही, आणि ज्याला जायचे आहे त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरपुरते सांगायचे तर कागदाचा आकार, पैशांचे राउंडिंग वर की खाली, बिलावरची भाषा, बिलांचे क्रमांक एक एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू करायचे की नाही, ही सगळी पडद्यावर हवीत. दुकानदार ती वर्षातून एकदा बदलेल, पण बदलायची वेळ येईल तेव्हा समोर गिऱ्हाईक उभे असेल आणि तुमचा फोन लागत नसेल. सर्व्हरचा पोर्ट, डेटाबेसची वाट पाहण्याची मुदत, सॉफ्टवेअरची नोंदवही (लॉग) किती तपशिलाने लिहायची, हे खुशाल फाइलीत ठेवा. मात्र प्रत्येक ओळीवर एक वाक्य लिहा आणि मूळ किंमत शेजारी राहू द्या. आणि सेटिंगच्या पानावर शोधायची चौकट देणार असाल तर ती दुकानदाराचे शब्द ओळखणारी करा. तो ‘राउंडिंग मेथड’ शोधणार नाही. तो ‘पैसे’ किंवा ‘चिल्लर’ असे टाइप करील.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. ग्राहकाने नवी चौकट मागितली की आधी विचारा, हे सॉफ्टवेअरला आपणहून कळेल का? प्रिंटर कुठला जोडला आहे हे कळत असेल तर कागदाचा आकार पुष्कळदा त्यावरूनच ठरतो. चौकट देणे सोपे असते, म्हणून विचार करण्याऐवजी चौकट दिली जाते. अशा चौकटींवरचा तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे.

प्रश्न : आम्ही गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळणारे, मूळचे खानापूर तालुक्यातले. चौकातल्या सराफ्यात दुकान आहे. संगणक नाझा मार्केटमधून घेतला. गावाकडच्या मंडळाची पत्रे मी लिब्रेऑफिसमध्ये मराठीत लिहितो. पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. वडील म्हणतात, हे आपले अक्षर नव्हे. फॉन्ट बदलून थकलो. मराठी ‘ल’ची सेटिंग कुठे आहे?
— चौक, लखनौ

उत्तर : वडिलांचे म्हणणे रास्त आहे. हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा काना असतो, आपला ‘ल’ दोन पाकळ्यांचा. ‘श’ची डावी गाठही निराळी. पण मराठी ‘ल’ अशी वेगळी सेटिंग नाही, आणि ती असू नये. नोटो सॅन्स देवनागरी, लोहित देवनागरी यांसारख्या फॉन्टांत दोन्ही वळणे आधीपासून आहेत. मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला कळले की फॉन्ट आपणहून मराठी वळण काढतो. तुमच्या संगणकात ती भाषा हिंदी ठरलेली आहे. बहुधा पहिल्यांदा सुरू करताना संगणकाने भाषा विचारली असेल आणि दुकानातल्या मुलाने लखनौच्या सवयीने हिंदी निवडली असेल.

पत्र उघडून सगळा मजकूर निवडा. फॉरमॅट, कॅरेक्टर असे जा. तिथे भाषेचे दोन रकाने दिसतील, एक रोमन अक्षरांसाठी आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी. देवनागरी या दुसऱ्यात येते. लोक पहिल्या रकान्यात मराठी शोधत बसतात आणि हताश होतात. दुसऱ्या रकान्यात मराठी निवडा, ‘ल’ त्याच क्षणी बदलेल. मग टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर हीच निवड कायमची करून ठेवा, म्हणजे पुढची पत्रे आपोआप ठीक येतील. एवढ्यानेही बदलले नाही तर त्या फॉन्टात मराठी वळण नाही असे समजा आणि वर सांगितलेल्या दोन फॉन्टांपैकी एक घ्या. आणि ‘ळ’ सापडत नसल्यास इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘ल’ची कळ दाबा. ‘ऱ्या’साठी शिफ्ट धरून ‘र’ची, मग हलन्त, मग ‘या’.

लिब्रेऑफिसचाच एक दाखला या चर्चेत मोलाचा आहे. फॉन्टांत दडलेली आणखीही रूपे असतात. फेब्रुवारी २०१७च्या ५.३ या आवृत्तीत ती वापरण्याची सोय आली, पण फॉन्टच्या नावापुढे दोन टिंबे देऊन चार अक्षरी संकेत हाताने लिहायचा होता. ज्यांना संकेत पाठ होते त्यांनाच ती सोय होती. दोन वर्षांनी, ६.२मध्ये, फॉन्टच्या चौकटीत ‘फीचर्स’ हे बटण आले. आता त्या फॉन्टात काय काय आहे याची यादी दिसते आणि नमुनाही समोरच उमटतो. वापरणारे आजही थोडेच असतील. तरी ते बटण तिथे आहे याचा मला आनंद आहे, कारण ज्याला हे माहीतच नव्हते तो माणूस त्या यादीमुळे शिकतो. हे बटण मुख्य पट्टीवर नाही, फॉन्ट निवडता त्या जागीच आहे, आणि तेही बरोबर. क्वचित लागणारी वस्तू समोरच मांडली पाहिजे असे नाही. ती तिच्या विषयाशेजारी असली म्हणजे पुरते.

प्रश्न : मी कैसरबागेत भातखंडे विद्यापीठात गायन शिकते. बंदिशी संगणकावर उतरवताना कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ कुठल्याच मेनूत सापडत नाही. या खुणा मराठी कळफलकावर सरळ दिसायला नकोत का?
— एक विद्यार्थिनी, हजरतगंजाजवळ

उत्तर : तुम्ही शिकता ती संस्था पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६मध्ये मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झाली, आणि या खुणा त्यांच्याच लेखनपद्धतीतल्या. त्यांनी आपले मोठे ग्रंथ मराठीत लिहिले, म्हणून मराठी कळफलकाकडून तुमची ही अपेक्षा मला अगदी रास्त वाटते. तरीही या खुणा सर्वांच्या कळफलकावर पुढे आणाव्यात असे मी म्हणणार नाही. पत्र लिहिणाऱ्याने चुकून कोमलाची रेघ काढली तर ती पुसायची कशी हे त्याला कळणार नाही. तुम्हाला मात्र त्या रोज लागतात, तेव्हा त्या तुमच्या संगणकावर पुढे आणून घ्या.

युनिकोडमध्ये वेदपठणाच्या खुणा आहेत, त्यांचा आकार तुम्हाला हवा तोच आहे. लिब्रेऑफिसमध्ये ‘म’ लिहा, कळफलक इंग्रजीवर आणा, ०९५१ हे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा. आकडे जाऊन ‘म’वर उभी रेघ येईल. कोमलासाठी ०९५२. आकडे देवनागरीत टाइप झाले तर ही युक्ती चालत नाही, बहुतेकांचे घोडे इथेच अडते. क्रम सांभाळा: आधी व्यंजन, मग मात्रा, शेवटी रेघ. मंद्र सप्तकाच्या टिंबासाठी नुक्ता चालतो, पण तो व्यंजनाला लागून, मात्रेच्या आधी द्यावा लागतो. उलट केले की टिंब ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटे उभे राहते. तार सप्तकासाठी अनुस्वारावर भागवा, संगीताची माणसे ते बरोबर वाचतात.

हे दर वेळी करायचे नाही. टूल्समध्ये ऑटोकरेक्ट उघडा आणि स्वतःची यादी करा. डावीकडे ‘रेक’, उजवीकडे रेघेसह ‘रे’. डावीकडे ‘मती’, उजवीकडे तीव्र ‘म’. वर भाषेच्या जागी ‘ऑल’ निवडायला विसरू नका, नाहीतर हिंदी मजकुरात यादी चालणार नाही. नेहमीच्या लिखाणात येतील असे शब्द डावीकडे घेऊ नका. ‘मती’ तुम्हाला एरवी लागत असेल तर ‘मतीव’ करा. बंदिश दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करून पाठवा, कारण या खुणा सगळ्याच फॉन्टांत नसतात आणि समोरच्याच्या संगणकावर त्या जागच्या हलू शकतात.